पश्चात्ताप कुणाचा आणि कुणापुढे?

गेल्या वर्षी प्रथम वर्षाच्या मराठीच्या उत्तरपत्रिका तपासताना मी एका शब्दावर लाल रेघ मारली. मुलाने लिहिले होते, ‘शेवटी नायकाला पस्तावा होतो.’ मी समासात ‘पश्चात्ताप’ असे शुद्ध रूप लिहिले आणि अर्धा गुण कापला. मुलगा खालापूर तालुक्यातल्या एका कातकरी वाडीवरचा. घरातला पहिलाच कॉलेजात आलेला. तास संपल्यावर तो उत्तरपत्रिका घेऊन कर्जतच्या आमच्या वर्गाच्या दाराशी थांबला आणि म्हणाला, “सर, माझी आजी असंच बोलते. ती चुकीचं बोलते का?”

मी म्हणालो, “बोलताना चालतं. लिहिताना चालत नाही.”

हे वाक्य माझे नव्हते. ते मला माझ्या शाळेने दिले होते आणि मी ते जसेच्या तसे पुढे सरकवले. घरी जाताना आठवले की हा शब्द माझ्या आईचाही आहे. मीही आमच्या घरातला पहिलाच पदवीधर. ज्या रेघेने माझ्या आईची भाषा एकदा कापली गेली, तीच रेघ आता माझ्या हातात आली होती. या लेखाचे निमित्त एवढेच. परंतु एका शब्दामागे लागल्यावर जे हाती आले ते केवळ भाषाशास्त्राचे नाही. चूक केल्यावर या समाजात कुणी जळायचे, कुणापुढे जळायचे आणि जळून झाल्यावर कुणाला काय द्यायचे, याचा सगळा हिशेब या एका शब्दाच्या इतिहासात दडलेला आहे.

प्रथम ‘अशुद्धते’चा प्रश्न निकालात काढू. ‘पश्चात्ताप’ हा संस्कृत शब्द. पश्चात् म्हणजे नंतर आणि ताप म्हणजे जळणे, कृत्यानंतरचे जळणे. संस्कृतातल्या ‘पश्चात्’चे पाली-प्राकृतात ‘पच्छा’ झाले. पालीत ‘पच्छाताप’ आहे, हिंदीत ‘पछतावा’ आहे, गुजरातीत ‘पस्तावो’ आहे आणि मराठीत ‘पस्तावा’ आहे. ही सगळी एका घरातली भावंडे आहेत. गुजरातीत हा शब्द पुस्तकात, वर्तमानपत्रात, कवितेत सन्मानाने बसतो. मराठीच्या जुन्या कोशांनीही तो नोंदलेला आहे. मग मराठी शाळेत तो गावंढळ कसा ठरला? कारण उघड आहे. ज्यांच्या तोंडी तो राहिला त्यांना शाळेत जागा नव्हती आणि ज्यांच्या हाती शाळा होती त्यांनी संस्कृतातला शब्द उचलून पुन्हा पाटावर बसवला. ‘पस्तावा’ हा ‘पश्चात्तापा’चा अपभ्रंश नसून तो लोकांच्या जिभेवर दोन हजार वर्षे चालत आलेला शब्द आहे, चालता चालता झिजला, इतकेच.

कर्जतपासून जवळच, राजमाचीच्या डोंगराच्या कुशीत, कोंडाण्याची लेणी आहेत. तेथील चैत्याजवळ एका भग्न यक्षमूर्तीशेजारी ब्राह्मी लिपीत कोरलेली एक ओळ आहे. कण्हाचा शिष्य बलक याने हे घडवले, असा तिचा अर्थ. या भागात दगडावर कोरलेले जे सर्वांत जुने अक्षर सापडते ते प्राकृतात आहे. लोकांची भाषा आमच्या डोंगरात तेव्हा कोरली गेली, आणि मी वर्गात बसून तिच्या लेकरावर लाल रेघ मारतो आहे!

आता अर्थाकडे वळू. ‘पश्चात्ताप’ या शब्दाची बांधणी नीट पाहिली की एक गोष्ट लक्षात येते. त्यात काळ आहे आणि जळणाऱ्याचे अंग आहे. परंतु ज्याच्यावर अन्याय झाला तो माणूस त्यात कुठेच नाही. ‘मला माझ्या कृत्याचा पश्चात्ताप झाला’ हे वाक्य घ्या. ‘मी’ आहे, ‘माझे कृत्य’ आहे, आणि पश्चात्ताप तर ताप यावा तसा आपोआप ‘झाला’ आहे. पीडिताला या वाक्यात विभक्तीच नाही. याउलट अरबीतून आलेली ‘माफी’ पाहा. माफी ‘मागावी’ लागते आणि ती ‘कुणाची तरी’ मागावी लागते. तेथे समोर माणूस उभा असतो आणि तो ‘नाही’ म्हणू शकतो. पश्चात्तापाला ‘नाही’ म्हणणारा कुणी नसतो.

मराठीत या भावनेची मोठी वसाहत आहे आणि तिच्यातही आळीआळीचे भेद आहेत. लोकल उशिरा आली की फलाटावर ‘दिलगीर आहोत’ असे ऐकू येते. दिलगीर हा फारसीतून आलेला शब्द. मूळ अर्थ खिन्न, मन जड झालेला. आज ध्वनिफीत दिलगीर होते. ‘खेद’ हा कार्यालयाचा शब्द. ‘खंत’ ही सभेत व्यक्त करायची असते. ‘चुटपुट’ आणि ‘रुखरुख’ या मनाच्या आतल्या, लहानसहान चुकांच्या. आणि ‘हळहळ’ ही दुरून पाहणाऱ्याची. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या उतारावरील इर्शाळवाडी या ठाकर आदिवासींच्या वाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे बेपत्ता राहिली आणि शोध थांबवावा लागला. त्यानंतर महाराष्ट्राने हळहळ व्यक्त केली. ती खोटी होती असे मी म्हणत नाही. परंतु त्या उतारावर माणसे पिढ्यान्‌पिढ्या का राहत होती, त्यांच्यापर्यंत रस्ता का पोचला नव्हता, या प्रश्नांची जबाबदारी ‘हळहळ’ या शब्दावर पडत नाही. हळहळणाऱ्याच्या हातून काही घडलेलेच नसते. समाजाचे हात गुंतलेले असतात तेथे तो हळहळीचा शब्द निवडतो, हे अभ्यासकांनी ध्यानात ठेवावे.

या वसाहतीत बहुजनांचा एक प्रयोग मात्र वेगळा आहे: ‘मन खाणे’. ‘त्याचं मन त्याला खातं’ असे आमच्याकडे म्हणतात. इंग्रजीतला ‘रिमोर्स’ हा शब्द लॅटिनमधून आला आणि त्याचा मूळ अर्थ ‘पुन्हा चावणे’ असा आहे. युरोपच्या पंडितांनी आणि आमच्या भात लावणाऱ्या बायांनी एकाच दुखण्याला एकच नाव दिले, हे काही थोडे नाही.

तथापि पश्चात्तापाचे खरे राजकारण ‘प्रायश्चित्त’ या शब्दात आहे. जळणे हे मनात राहते. प्रायश्चित्त समाजात घडते. मनुस्मृतीचा अकरावा अध्याय प्रामुख्याने प्रायश्चित्तांचा आहे आणि तो म्हणजे पापांचे दरपत्रक आहे. शूद्राची हत्या करणाऱ्याला तेथे सहा महिन्यांचे व्रत सांगितले आहे, किंवा त्याऐवजी त्याने दहा पांढऱ्या गाई आणि एक बैल दान द्यावेत. कुणाला? मेलेल्याच्या बायकापोरांना? नाही, ब्राह्मणाला! त्याच अध्यायात मांजर, मुंगूस, बेडूक, कुत्रा, घोरपड, घुबड, कावळा यांना मारल्यास शूद्रहत्येचेच व्रत करावे असे म्हटले आहे. शूद्राची किंमत कुत्र्या-कावळ्याएवढी केली यावर आपण पुष्कळ लिहिले आहे. परंतु दुसरी गोष्ट मला अधिक मूलगामी वाटते. या व्यवस्थेत अपराध एकाचा, मरण दुसऱ्याचे आणि भरपाई तिसऱ्याला. प्रायश्चित्ताने कर्ता शुद्ध होतो. ज्याचे गेले त्याला काहीही मिळत नाही, कारण तो या व्यवहारात पक्षकारच नाही.

आपल्याच जिल्ह्यातला दाखला घ्या. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो अस्पृश्य चवदार तळ्याचे पाणी प्याले. परतणाऱ्या निःशस्त्र माणसांवर सवर्णांनी लाठ्या चालवल्या, डोकी फोडली. त्यानंतर शुद्धी झाली. ती लाठ्या मारणाऱ्या हातांची व्हायला हवी होती, झाली पाण्याची. शेण, गोमूत्र, दूध, दही घातलेल्या १०८ घागरी तळ्यात ओतण्यात आल्या. ज्यांनी रक्त काढले त्यांनी मंत्र म्हटले आणि जे पाणी प्याले ते ‘पाप’ ठरले. पश्चात्तापाचे इतके उलटे रूप जगाच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

याहून क्रूर उलथापालथ आमच्या आतच घडवली गेली. चोखोबांच्या नावावर असलेल्या एका अभंगाचा आशय असा की, पूर्वजन्मी आपल्याकडून कृष्णाची निंदा घडली म्हणून या जन्मी महाराचा देह मिळाला. मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर भिंत कोसळून त्याखाली मेलेल्या या माणसाला आपल्या पायरीवरच्या जागेचा दोष स्वतःवर घ्यावा लागतो! संतवाङ्मयात ‘अनुताप’ हा मोठा शब्द आहे. त्याशिवाय भक्ती नाही. परंतु अनुतापाला कर्मविपाकाची जोड मिळाली की ज्याच्यावर अन्याय झाला तोच अपराधी होतो आणि तोच जळत राहतो. चोखोबांचा दोष मी काढत नाही. त्यांच्या वेदनेपुढे हात जोडूनच हे लिहितो आहे. मात्र ती वेदना कुणी कुठल्या दिशेला वळवली हे समीक्षकाने सांगितलेच पाहिजे.

विसाव्या शतकात सवर्ण समाजातून पश्चात्तापाचा सूर उमटला, हे मान्य केले पाहिजे. गांधीजींनी अस्पृश्यता हे हिंदूंचे पाप मानले आणि मे १९३३ मध्ये २१ दिवसांचा आत्मशुद्धीचा उपवास केला. त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी येथे शंका घ्यायची नाही. प्रश्न रचनेचा आहे. १९३२ साली स्थापन झालेल्या आणि पुढे हरिजन सेवक संघ म्हणून ओळखल्या गेलेल्या संस्थेच्या कारभारात अस्पृश्यांना स्थान असावे अशी मागणी झाली, तेव्हा दिले गेलेले उत्तर बाबासाहेबांनी १९४५ च्या ‘काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले’ या ग्रंथात नोंदवले आहे. त्याचा मथितार्थ असा: हे हिंदूंनी करावयाचे प्रायश्चित्त आहे, पैसा हिंदूंचा आहे, तेव्हा संस्थाही हिंदूंनीच चालवावी. प्रायश्चित्त आमच्यासाठी, परंतु आमच्याशिवाय! बाबासाहेबांनी यावर घेतलेला आक्षेप केवळ जागांचा नव्हता. ज्याचे देणे आहे त्यालाच बाहेर ठेवून ऋणकोने आपल्या मनाप्रमाणे फेड करावी, या न्यायाला त्यांचा विरोध होता.

मराठी साहित्यातही हा सूर ऐकू येतो. विजय तेंडुलकरांचे ‘कन्यादान’ (१९८३) घ्या. समाजवादी नेते नाथ देवळालीकर आपली मुलगी ज्योती हिच्या अरुण आठवले या दलित कवीशी होणाऱ्या विवाहाला आपल्या तत्त्वज्ञानाचा विजय मानतात. अरुण तिला मारतो. पुढे त्याच्या आत्मचरित्राचे जाहीर कौतुक नाथांना करावे लागते आणि त्यांचा स्वतःविषयीचा तिटकारा उफाळून येतो. नाटक प्रभावी आहे. नाथ जळतात ते खरेच जळतात. परंतु ते कशासाठी? आपल्या प्रयोगात आपली मुलगी पोळली म्हणून. ज्या समाजाने अरुणला घडवले त्या समाजाचे आपणही वारस आहोत, ही जाणीव या जळण्यात कितीशी आहे? ज्योती वडिलांचा पश्चात्ताप नाकारून परत जाते. बाप आणि लेक यांचा संवाद होतो. अरुण त्या संवादाचा विषय राहतो, श्रोता होत नाही. सवर्ण पश्चात्तापाच्या साहित्याची मर्यादा येथे स्पष्ट दिसते: त्याचा वाचकही तोच असतो, न्यायाधीशही तोच आणि अश्रू पुसणाराही तोच.

मग आपली परंपरा काय सांगते? तिच्याकडेही डोळे उघडे ठेवून पाहिले पाहिजे. अशोकाच्या तेराव्या शिलालेखात कलिंगयुद्धाविषयीची वेदना आहे. एक लाख मारले गेले, दीड लाख देशोधडीला लागले, असे तो स्वतः नोंदवतो. त्याच्या मनःस्थितीला शाहबाजगढीच्या प्रतीत ‘अनुसोचन’ आणि कालसीच्या प्रतीत ‘अनुसय’ असे शब्द आहेत. जिंकलेल्या राजाने आपले दुःख दगडावर कोरून ठेवावे ही घटना असामान्य आहे. परंतु खुद्द कलिंगात, धौली आणि जौगड येथे, हा तेरावा लेख कोरलेलाच नाही. तेथे त्याच्या जागी वेगळे लेख आहेत. त्यांत सर्व माणसे माझी मुले आहेत असे आश्वासन आहे, अधिकाऱ्यांना न्यायाने वागण्याची ताकीद आहे. परंतु ‘तुमचे एवढे लोक मी मारले, त्याचे मला दुःख आहे’ हे कलिंगाला सांगितलेले नाही. राज्यकर्त्याची त्यामागे काही गणिते असतील. आपल्याला अशोक प्रिय आहे, म्हणून हा प्रश्न त्याला विचारण्याचा अधिकारही आपल्यालाच आहे.

पाली वाङ्मयात मात्र या भावनेचा फार बारकाईने विचार झालेला आहे. तेथे ‘कुक्कुच्च’ असा शब्द आहे. वाईट केलेले ते ‘कुकत’, आणि त्यावरून मनाला लागलेली टोचणी ते कुक्कुच्च. बौद्ध परंपरा तिला पाच नीवरणांत, म्हणजे अडसरांत घालते. नुसते जळत राहणे हा गुण नाही. तो मार्गातला धोंडा आहे. दुसरा शब्द ‘विप्पटिसार’. शीलाचा उपयोग काय, असे आनंद विचारतात तेव्हा बुद्ध उत्तर देतात: ‘अविप्पटिसार’. मागे वळून पाहताना मन खाऊ नये असे जगणे. आणि खाल्लेच तर? पित्याचा वध करून राजा झालेला अजातशत्रू बुद्धापुढे अपराध कबूल करतो तेव्हा तीन पायऱ्या सांगितल्या आहेत: दोष दोष म्हणून पाहणे, धम्माप्रमाणे त्याची दुरुस्ती करणे आणि पुढे संयम पाळणे. यात गाई नाहीत, ब्राह्मण नाही, पंचगव्य नाही. मधली पायरी दुरुस्तीची आहे, ती कुणालाही चुकत नाही.

अंगुलिमालाची कथा आपण लहानपणापासून ऐकतो; बहुधा त्याच्या परिवर्तनापाशी थांबतो. पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. भिक्षू झालेला अंगुलिमाल भिक्षेसाठी त्याच श्रावस्तीत जातो. लोकांच्या दगडांनी त्याचे डोके फुटते, चीवर फाटते, भिक्षापात्र भंगते. बुद्ध त्याला सहन कर म्हणतात. लोकांना आवरा असे म्हणत नाहीत. ज्यांची माणसे गेली त्यांच्या दारात त्याला रोज उभे राहावे लागते. येथे पश्चात्तापाला प्रथमच समोर माणूस मिळतो.

महाडच्या दुसऱ्या परिषदेत, २५ डिसेंबर १९२७ रोजी, मनुस्मृती जाळण्याचा ठराव गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडला. ते जन्माने ब्राह्मण होते. अनुमोदन पां. ना. राजभोज यांनी दिले. सहस्रबुद्धे यांनी घरी बसून उपवास केला नाही. अस्पृश्यांच्या परिषदेत, अस्पृश्यांच्या नेतृत्वाखाली, ज्या ग्रंथाने आपल्याला उच्च ठरवले तोच अग्नीत घालण्याचा ठराव मांडला. याला मी ‘पस्तावा’ म्हणतो. दुसरा शब्द मला पुरत नाही.

हा शब्द मला आईने दिला. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. आमच्या बौद्धवाडीत एक कातकरीण करवंदे विकायला आली होती. आम्ही पोरांनी तिची पाटी ढकलली. करवंदे मातीत सांडली, आम्ही हसलो, ती काही न बोलता निघून गेली. गावात आम्हाला कुणी ढकलत असे, आणि आम्हाला ढकलायला ती होती. रात्री मला झोप येईना. मी आईला म्हणालो, “आय, मला पस्तावा होतोय.” आई म्हणाली, “मंग मला काय सांगतोस? तिच्या वाडीव जा, तिला सांग. आन् रिकाम्या हातानं जाऊ नको.” सकाळी डबाभर तांदूळ घेऊन मी वाडीवर गेलो. तिने तांदूळ घेतले. माझ्याकडे पाहिले नाही. मी माफ झालो की नाही हे मला आजही माहीत नाही, आणि ते मला कळावे असा माझा हक्कही नव्हता.

आईच्या या दोन वाक्यांत मला समीक्षेची कसोटी सापडते. पश्चात्तापाची कथा, कविता, नाटक, भाषण समोर आले की तीन प्रश्न विचारावेत. जळतो कोण? तो कुणापुढे उभा आहे? हातात काय घेऊन आला आहे? पहिल्या प्रश्नापाशी थांबणारे साहित्य कितीही सुंदर असले तरी ते आत्मशुद्धीचे साहित्य आहे. ते वाचावे, त्याचा मान ठेवावा. पण त्याला न्याय समजू नये.

आणि ही कसोटी दुसऱ्यांपुरती ठेवता येणार नाही. कातकरी हे महाराष्ट्रातल्या सर्वाधिक वंचित आदिम जमातींपैकी एक. दरवर्षी पावसाळा सरला की आमच्या भागातल्या वाड्या ओस पडतात. माणसे वीटभट्ट्यांवर जातात, उचल घेऊन अंग गहाण टाकतात, पोरांची शाळा सुटते. आम्ही शिकलो, नोकरीला लागलो, जयंतीच्या व्यासपीठावर बोलतो. त्या वाड्यांवर आमच्यापैकी किती जण जातात? आमच्या नियतकालिकांत त्यांच्या बोलीला किती पाने मिळतात? ‘दलित’ या शब्दात ते आहेत असे आम्ही म्हणतो. त्यांना तसे वाटते का, हे आम्ही विचारलेले नाही.

त्या विद्यार्थ्याचा अर्धा गुण मी परत दिला. तेवढ्याने भागत नव्हते. पुढच्या तासाला मी फळ्यावर ‘पस्तावा’ लिहिला, त्याखाली ‘पच्छाताप’, ‘पछतावा’, ‘पस्तावो’ लिहिले आणि वर्गासमोर त्याला म्हणालो, “तुझी आजी बरोबर बोलते. चूक माझी होती.” तो खाली पाहत राहिला. मग म्हणाला, “सर, हे आजीला येऊन सांगाल?”

भट्टीचा हंगाम संपवून ती वाडीवर परत आली की मला जायचे आहे. काय घेऊन जावे, याचा विचार चालू आहे.